वाकळेचं कापड मागत तीन गावं

माझं सगळं बदललं ते पंचगंगेच्या घाटावर. घट बसायच्या आधीचे दिवस होते, निम्मं कोल्हापूर धुणं घेऊन नदीवर उतरलं होतं. पायऱ्यांवर चादरी, सतरंज्या आणि वाकळा वाळत पडलेल्या. त्यातल्याच एका वाकळेच्या कडेला पाय सोडून बसलेली अक्षता मला म्हणाली, "तू आजवर एक तरी गोष्ट पुरी केलीस का रे?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. (सरांशी वाजलं होतं, आणि चूक सरांची होती. आजही तेच म्हणतो.) मोबाईल दुरुस्तीचा कोर्स सोडला. वडिलांनी शब्द टाकून फाउंड्रीत चिकटवलं होतं, तेही सोडलं. जिमचं तर तिनं मोजलंच नाही, नुसती हसली.

डोकं तापायला मला एवढं पुरतं. "बोल की मग काय करू? करूनच दावतो."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि शेजारच्या ओल्या वाकळेवर हात ठेवला. "ही शिव. एक. स्वतःच्या हातानं, पुरी. दिवाळीनंतर माझी परीक्षा संपते, मग मी गावी जाणार. तोवर झाली तर अप्पांजवळ तुझं नाव काढते. नाही झाली तर नाही काढत."

अक्षता गडहिंग्लजची. घर लिंगायत, बाजारात अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, कापडाचं दुकान. इथं होस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही उचगावचे मराठे, वडील फाउंड्रीत, दारात दोन म्हशी. तिच्या घरी माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. ते तिनं काढावं म्हणून मी दीड वर्ष तिच्या मागं लागलो होतो, आणि ते आता एका पांघरुणावर येऊन अडकलं होतं.

तुमच्यापैकी कुणाला पहिली वाकळ (पुण्याकडं गोधडी म्हणतात तीच) शिवायची असेल तर हा प्रवास उपयोगी पडेल. निदान काय करू नये ते तरी कळेल.

पहिलं करू नये ते मी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी केलं. सरळ महाद्वार रोडला गेलो आणि एका दुकानात शिरून "वाकळेचं कापड दाखवा" म्हणालो.

"तसलं काय कापड नसतंय, पावणं," दुकानदार म्हणाला. "बेडशीटचं हाय, अस्तराचं हाय, गादीपाट हाय. कुठलं फाडू?"

मला काय कळतंय! अक्षताला गुलाबी आवडतो म्हणून गुलाबी सॅटिन घेतलं. हात लावला की बोटं घसरत होती, म्हणजे भारीच असणार. आत भरायला गादीवाल्याकडनं फायबर घेतलं. त्यानं सांगितलं की हलकं असतंय, धुवायला सोपं. दोन मोठ्या पिशव्या झाल्या. महिन्याभराचं पेट्रोल त्यात गेलं, आणि गाडीची किल्ली तशीही वडिलांनी काढून घेतली होती. म्हणून पुढचा सगळा प्रवास एसटीनं.

शिवायचं कसं हे विचारायला माणूस एकच होतं, सुमनआत्या. वडिलांची थोरली बहीण, राधानगरीच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. रंकाळा स्टँडवरनं गाड्या बऱ्याच आहेत, पण सकाळची लवकरची धरा. मी दहाची धरली आणि उभा राहून गेलो. ऑक्टोबरचं ऊन, खिडक्या अर्ध्या अडकलेल्या, फायबरची पिशवी एवढी फुगलेली की कंडक्टर म्हणाला, "हिचं बी तिकीट काढायचं का?" भोगावतीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, वारं म्हणून नाही. पुढं भातखाचरं लागली, पिवळी पडत आलेली, तेव्हा जरा श्वास घेतला. फाट्यावर उतरून वडा खाल्ला. वड्यावरचा कट, म्हणजे रस्सा, एवढा तिखट होता की नाकातनं पाणी आलं. त्या दिवसातली तेवढीच चांगली गोष्ट.

आत्या अंगणात शेजारच्या शेवंताकाकूबरोबर भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. वाकळ शिवायचीय म्हटल्यावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"कॉलेज सोडलास, फांड्री सोडलास, आता शिवणकाम काढलास व्हय?" आत्याचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. "बघू काय आणलाईस."

मी सॅटिन उलगडलं. शेवंताकाकूनं तोंडाला पदर लावला.

"आगं बाई!" आत्या म्हणाली. "ह्यो तर तमाशाच्या फडाचा पडदा हाय की! ह्यात झोपायचं का नाचायचं?"

"भारीतलं हाय ते," मी म्हणालो.

"भारीतलं हाय, खरं ऱ्हाणार न्हाय अंगावर. निम्म्या रातीला खाली घसरतंय आनि तू थंडीत." तिनं फायबर हातात घेतलं, दाबलं, सोडलं. "आनि ही म्हातारीची केसं एका कोपऱ्यात गोळा हुत्यात. धुतलीस की झालाच लाडू."

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

"आधी इचारलास कवा?"

मी रागानं पिशवी लाथाडली. फायबर अंगणभर झालं, कोंबड्या त्यावर धावल्या आणि मग ते गोळा करत अर्धा तास मलाच उन्हात फिरावं लागलं. दोघींपैकी एकीनंही मदत केली नाही.

जेवण झाल्यावर आत्यानं ट्रंक उघडली. इथनं पुढं जरा लक्ष देऊन वाचा, कारण हे कुठल्या व्हिडिओत एवढं धड सांगत नाहीत. वाकळेला कापड जुनं पाहिजे आणि सुती पाहिजे. जुनं अशासाठी की ते शंभरदा धुऊन आधीच आखडून बसलेलं असतं. त्याला नवं कोरं जोडलं की पहिल्या धुण्यात नवं आखडतं, आणि वाकळ म्हातारीच्या गालासारखी होते. सुती ओळखायला कापड मुठीत दाबून सोडायचं. चुणी तशीच राहिली तर सुती, उसळून सरळ झालं तर सिंथेटिक. खात्री नसेल तर एक धागा काडेपेटीनं पेटवायचा. कागदासारखा जळला तर आपला, वितळून गोळा झाला तर परका. मग कापड उजेडाकडं धरायचं. जिथं विरून चाळण झालीय तो भाग वर घ्यायचा नाही, आतल्या थराला वापरायचा. टी-शर्टचं कापड अजिबात नको, ते ताणतं आणि टाके नागमोडी जातात.

वाचायला सोपं आहे. अडचण अशी की आजकाल घरात सुती सापडतच नाही. आत्याच्या ट्रंकेतनं साड्यांवर साड्या निघत होत्या आणि मी प्रत्येक मुठीत दाबत होतो. सगळ्या उसळून सरळ.

"सुती कोण नेसतंय आता?" आत्या म्हणाली. "एस्टीतनं उतरल्यावर चुरगाळल्याली दिसत्यात. लोकं म्हणत्यात, कुठनं लोळून आली."

शेवटी तळाला दोन पातळं निघाली, एक हिरवं, एक जांभळं, दोन्ही मऊ. आणि मामांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, एक धोतर. मामा जिवंत होते, सोप्यात घोरत होते. धोतर गेलेलं उठल्यावर त्यांना कळलं.

त्या संध्याकाळी आत्यानं मला टाका शिकवला. लांब सुई, मोठं नेढं, जाड सुती दोरा. कडेनं सुरुवात करायची, चारी बाजू फिरत फिरत आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. मी दोन विती टाके घातले. आत्यानं ते उसवले. परत घातले, परत उसवले. तिसऱ्यांदा मी सुई टाकून उठलो तेव्हा ती म्हणाली, "बस खाली. पांघरणार कोण ही?"

सांगितलं. नाव, गाव, घर, अट, सगळं. शेवंताकाकू जायला उठली होती ती परत बसली.

आत्यानं दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "तर मग तिच्या अंगावरचं एक कापड ह्यात पायजे. जी पांघरणार तिचं. त्याबिगर वाकळ ऊब धरत न्हाय. आनि इकत न्हाय घ्यायचं. मागून आणायचं."

"हे मी कवाच ऐकलं न्हाय सुमन," शेवंताकाकू म्हणाली. "आत्ता काढलीस व्हय?"

"तू किती वाकळा शिवल्यास?"

"तुज्यापेक्षा चार जास्ती."

त्यांचं तिथनं जे भांडण लागलं ते दिवेलागण होईस्तोवर चाललं. मला मात्र ती गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. अक्षताला फोन करून मागितलं असतं तर? पण "स्वतःच्या हातानं" म्हणाली होती. कापडासाठी तिच्याच पुढं हात पसरायचा तर त्यात माझं काय राहिलं? तिचे जुने कपडे गडहिंग्लजच्या घरात असणार. म्हटलं, तिला न कळवता आणायचं.

आत्ता लिहिताना हे किती येड्यासारखं वाटतंय ते मला दिसतंय. तेव्हा दिसत नव्हतं.

राधानगरीकडनं गडहिंग्लजला थेट गाडी मिळेल अशा आशेवर राहू नका. मुदाळ तिट्ट्याला उतरा, तिथनं गारगोटी, तिथनं पुढची. प्रत्येक ठिकाणी थांबणं आलं. गारगोटीत मी स्टँडच्या कट्ट्यावर पातळं, धोतर आणि सॅटिनचं गाठोडं उशाला घेऊन झोपलो (फायबर आत्याकडंच सोडलं होतं) आणि एक गाडी चुकवली. पुढच्या गाडीत मागच्या बाकावर जागा मिळाली, म्हणजे प्रत्येक खड्डा मणक्यात. खिडकीतनं डोंगर बघायसारखे आहेत असं म्हणतात. मी डोळे मिटून होतो. गडहिंग्लजला उतरलो तेव्हा पाय माझे नव्हते आणि ऊन डोक्यात मावत नव्हतं.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. गल्ल्यावर अक्षताची आई बसली होती. फोटोत बघितली होती, लगेच ओळखली. अक्षता तिला अव्वा म्हणते. पंखा चालू, दोन बायका ब्लाऊजपीस बघत होत्या. अव्वानं मला आधी पाणी दिलं, मग विचारलं. मी वाकळ म्हणालो तशी ती कौतुकानं हसली.

"पोरगा असून शिवतोस? बरं आहे की. पहिलीच ना? मग बारीक ठिगळांच्या नादाला लागू नको, मोठे तुकडे घे. आणि जाडाच्या शेजारी पातळ लावू नको. जाड त्याला ओढून फाडतंय."

"नवं कापड अजिबात नको म्हणत्यात."

"कोण म्हणतंय? मांजरपाट घे, दोनदा गरम पाण्यातनं काढ, वाळव, मग लाव. काय होत नाही. लाल-जांभळं असेल ते मात्र आधी मिठाच्या पाण्यात ठेव, नाहीतर सगळ्याला रंग लागतोय."

ती मांजरपाट उलगडून दाखवत होती, मी हात लावून बघत होतो. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी न ओरडता बोलत होतं. माझा जीव इतका हलका झाला की मी सावध राहायचं विसरलो.

"कुणासाठी शिवतोस?" तिनं विचारलं.

"हाय एक."

दोन्ही गिऱ्हाइकं हसली. अव्वाही हसली. "मग तिच्याच घरनं एखादं जुनं कापड माग की. आमच्यात बाळाच्या दुपट्याला असंच घरोघरनं मागून आणतात."

"तेच मागायला आलोय," मी म्हणालो.

"कुणाकडं?"

"तुमच्याकडंच. अक्षताचा एखादा जुना ड्रेस असला तर."

अव्वानं मांजरपाटाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग माझ्यावरची नजर न काढता आत हाक दिली, "री, इल्ली बर्री." कानडी मला येत नाही, पण नवऱ्याला बोलावणं कुठल्याही भाषेत कळतं.

अप्पा बाहेर आले. गळ्यात टेप, चष्मा कपाळावर. अव्वानं कानडीत दोन वाक्यं सांगितली. त्यांनी चष्मा खाली ओढला.

"भर बाजारात येऊन माझ्या पोरीच्या अंगावरचा कपडा मागतोस?"

"चोरून न्हाई मागत. तोंडावर मागतोय."

"शिकतोस काय?"

"सोडलं."

"करतोस काय?"

आता बघा, इथं हजार उत्तरं होती. माझ्या तोंडातनं आलं, "वाकळ शिवतोय."

एका गिऱ्हाइकाला हसू आवरलं नाही. अप्पा हसले नाहीत. "ऊठ," म्हणाले. "गाठोडं उचल."

"उचलतो की! तुमच्या दुकानात कापड हाय, दुसरं काय हाय?" मी ओरडलो, समोरचा माणूस तिचा बाप आहे हे माहीत असून ओरडलो, आणि गाठोडं उचलून निघालो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की पायात चप्पल नाही. परत जाऊन, खाली मान घालून, दारातली चप्पल घातली. तेवढा वेळ अप्पा बघत होते.

स्टँडवर पोचेपर्यंत अक्षताचा फोन आला.

"तू काय केलंस?"

"आत्या म्हणाली की..."

"तुझी आत्या मला नांदवणार आहे का? अव्वा रडतेय. अप्पा जेवले नाहीत. मी नाव काढणार होते ना? माझ्या पद्धतीनं, वेळ बघून काढणार होते ना?"

"मग आता?"

"आता काय काढू? तूच काढून बसलास." ती दमून बोलत होती, ते ओरडण्यापेक्षा वाईट. "मी तुला पुरी करायला सांगितली होती, मागत फिरायला नाही. परीक्षा होईस्तोवर फोन करू नकोस."

"आणि वाकळ?"

"तुझं तू बघ."

परतीची गाडी संकेश्वर, निपाणीवरनं. रस्ता चांगला आहे, पण निपाणीपर्यंत उभं राहावं लागलं. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "पावणं, गाठोडं वर टाका की, कुणी न्हेत न्हाय." टाकलं नाही. त्यात आत्याची दोन पातळं, मामांचं धोतर आणि ते सॅटिन, एवढंच घेऊन मी तीन गावं फिरून येत होतो, आणि ज्याच्यासाठी गेलो होतो ते जाताना होतं तेवढंही शिल्लक नव्हतं.

उचगावात आई म्हैस पिळत होती. जेवताना सगळं मीच सांगितलं. ती म्हणाली, "आई म्हणून सांगतो, त्येंच्या जागी मी असतो तर लाटणं घेऊन आलो असतो." आणि वर आणखी एक भाकरी वाढली.

मग मी शिवायला बसलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. अट राहिली होती की मोडली होती तेही माहीत नव्हतं. सोडून द्यायला ह्यापेक्षा चांगलं कारण मला आयुष्यात मिळालं नव्हतं. पण गाठोडं कॉटखाली पडलेलं, रोज दिसायचं. एक दिवस ते ओढलं.

जांभळं पातळ मिठाच्या पाण्यात ठेवलं. पाणी जांभळं झालं, तीनदा बदललं. मोठे तुकडे फाडले. कात्रीनं कापू नका, आडवं फाडलं की धागा सरळ जातो. पाठीला मात्र अख्खं, मोठं, एकसारखं कापड पाहिजे, आणि आमच्या घरात सुती म्हणून काही नव्हतं. आईची ट्रंक आत्याच्या ट्रंकेसारखीच, सगळं उसळून सरळ. शेवटी मी ज्याच्यावर झोपतो ती बेडशीट ओढून काढली. निळ्या चौकड्यांची, मी शाळेत असल्यापासूनची, धुऊन धुऊन रंग गेलेली. मुठीत दाबली. चुणी तशीच राहिली.

दिवाळीत लोक किल्ले बघायला फिरत होते, मी खाली मान घालून टाके घालत होतो. आत्याचा एक दिवसाआड फोन. "कोपरा वळलास का? ओढून घ्यायचं न्हाय, झोळ येतोय." वडील येता-जाता नुसतं बघायचे. एकदा मात्र दोरा ओवता येईना म्हणून मी सुईवर शिव्या घालत होतो, तेव्हा त्यांनी सुई घेतली, दोरा ओवला, परत दिली आणि कामाला गेले. सॅटिनचं आईनं टीव्हीवर टाकायला केलं. तिथनं ते रोज घसरतं.

मध्यावर आलो तेव्हा आईनं शेवटची चार बोटं शिवायच्या आधी आत भाकरीचा एक बारीक तुकडा सारला. वाकळ उपाशी ठेवत नाहीत म्हणाली. शेवटची गाठ मी मारली. टाके कुठं लांब, कुठं आखूड, एक कड दुसरीपेक्षा बोटभर जास्त. अक्षताच्या अंगावरचं कापड त्यात नाही. एका जाग्यावर बोट टोचून पडलेला तपकिरी डाग आहे, तो जात नाही.

त्या संध्याकाळी मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पाठ दुखत होती, झोप येत होती. वाकळ कॉटवर पसरून ठेवली आणि मी जमिनीवर झोपलो.

तुम्ही जाणार असाल तर खर्चाचं भिऊ नका, एसटी आणि वडा एवढ्यात भागतं. कापड मागायला ओळखीच्या घरी जा, तोंड जपून उघडा. आणि शिवायला जितके दिवस लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा. माझ्याकडं ह्या सगळ्यातनं काय उरलं म्हणाल, तर उजव्या हाताच्या मधल्या बोटाला एक घट्टा. आणि सुरुवात नि शेवट दोन्ही माझ्या हातची असलेली एक गोष्ट.

परीक्षा संपल्याच्या दिवशी अक्षताला वाकळेचा फोटो पाठवला होता, दोन्ही बाजूंचा. तिनं बघितला. उत्तर नाही. ती गावी गेली. आठवडा गेला. मी वडिलांबरोबर फाउंड्रीत परत जायला लागलो होतो, कारण घरात बसून फोन बघणं त्याहून जड होतं.

आज सुट्टी. सकाळी तिचा मेसेज आला.

"अप्पा विचारतात, पाठीला कापड कुठलं लावलंस? फोटोत कळत नाही म्हणतात."

मी अंथरुणात उठून बसलो. "आणखी काय म्हणाले?"

"काही नाही."

"ये म्हणाले?"

"नाही. कापड विचारलंय फक्त. चष्मा लावून दोनदा बघितला फोटो."

"बेडशीट" असं टाईप केलं. पुसलं. "जुनी सुती" असं टाईप केलं, तेही पुसलं. तीस वर्षं कापड विकलेल्या माणसाला ते मेसेजवर काय सांगायचं? मुठीत दाबून त्यांनीच बघावं.

आई आतनं म्हणाली, "जेवून जातोस का?" कुठं, ते तिनं विचारलं नाही. मी नको म्हणालो, वाकळेची घडी घातली, काखेत मारली, चप्पल घातली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.